कढीपत्त्याखालची माती

मी भित्री आहे. हे मी आता कोणालाही सांगते, आणि सांगताना मला लाज वाटत नाही. दाराची कडी दोनदा तपासते, गॅस तीनदा. कोणी वेळेवर घरी आलं नाही की मी भांडी घासायला लागते, घासलेली असली तरी. हे माझ्या आईकडून आलं. बाबा अगदी उलट. आई भ्यायली की ते हसायचे आणि म्हणायचे, "भियान कोणाचां भलां झालां?" त्यांचं हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की लहानपणी मला ते सुभाषितांच्या पुस्तकातलंच वाटायचं. गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी नुकती कॉलेजात जायला लागले होते. त्या दिवसांत आमच्या घरात आईचं खरं की बाबांचं, याचा निकाल लागला. तो कसा लागला ते मला लिहून ठेवायचंय, कारण पुढे माझं सगळं आयुष्य मातीत आणि मुळांत गेलं, त्याची सुरुवातही तिथलीच.

आमची चाळ लालबागची. पहिल्या मजल्यावरची शेवटची खोली आमची, म्हणजे संडासाच्या अलीकडची. त्यामुळे वास फुकट आणि मागचा लाकडी जिनाही फुकट, असं बाबा म्हणत. तो जिना उतरला की चाळ आणि गिरणीची मागची भिंत यांच्यामध्ये जमिनीची एक लांब पट्टी होती. भिंतीपलीकडे कापसाचं गोदाम आणि त्यापलीकडे मागखाता. बाबा तिथेच विणकर होते. गिरणी चालू असताना आमच्या खोलीची भिंत सतत बारीक थरथरत असे. फळीवरचे स्टीलचे डबे एकमेकांना लागून किणकिणत, माठातल्या पाण्यावर वलयं उठत. आम्हाला ते ऐकूही येत नसे, इतकं ते अंगवळणी पडलेलं. पाहुणा आला की विचारी, हे काय वाजतंय, आणि आम्ही म्हणायचो, कुठे काय?

आई खानावळ चालवायची. एकटे राहणारे, गावाकडे बायकापोरं ठेवून आलेले गिरणीकामगार पाळीप्रमाणे जेवून जात. पहाटे आईचं वाटण सुरू व्हायचं. पाटा घासण्याचा तो ओला खरखर आवाज माझ्या झोपेतच मिसळलेला असायचा. भाजलेल्या खोबऱ्याचा वास, बांगड्याचं तिखलं, बुधवार-रविवारी सुकटीची चटणी, सोमवारी काळ्या वाटाण्याची उसळ. भाकऱ्यांची चवड इतकी उंच व्हायची की तिच्यामागे आईचं तोंड दिसत नसे. शेजारच्या खोलीतली इंदूमावशी मासे साफ करायला मदतीला येई. ती आमची नात्याने कोणी नव्हती, पण तिच्याइतकं जवळचं नात्यातही कोणी नव्हतं. मासे धुतलेलं पाणी ती जिन्याखालच्या कढीपत्त्याला नेऊन घालायची. हे झाड कोणी लावलं ते चाळीत कोणालाच ठाऊक नव्हतं. मासळीचं पाणी, तांदळाचं धुवण, चहाचा चोथा खाऊन ते इतकं माजलं होतं की अख्खी चाळ त्याची पानं ओरबाडून न्यायची, तरी ते हिरवंगार.

संप सुरू झाला आणि भिंत गप्प झाली. आधी बरं वाटलं, मग भीती वाटायला लागली. डबे किणकिणेनात. शेजारच्या खोलीत कोणी खोकलं तरी ऐकू यायला लागलं, कोणी रडलं तरी. महिने गेले तसे खानावळीतले एकेक जण गावाला गेले. जाताना प्रत्येक जण आईच्या पाया पडे आणि "मिटलां की येतलंय" म्हणे. आई भाकऱ्या थापायची ती आता आमच्या तिघांपुरतीच. चवड बसकी झाली आणि तिच्यामागे आईचा चेहरा दिसायला लागला. तो कायम दाराकडे वळलेला असायचा.

कारण दाराकडून माणसं यायची. मोठा मोर्चा ठरला की त्याच्या आदल्या दिवशी पोलीस चाळीचाळीतून कामगारांना उचलून नेत. कोणाला का नेलं आणि कोणाला का सोडलं, ते कोणालाच कळत नसे. बाबा काही पुढारी नव्हते, सभेत मागे उभे राहून टाळ्या वाजवणारे होते. पण मागे उभे राहणारेही उचलले जात. तेव्हा आईने एक युक्ती काढली. तिने मजल्यावरच्या सगळ्या बायकांना सांगितलं की फाटकातून कोणी नको ते माणूस आलं, की पहिल्या खोलीतल्या बाईने लाटण्याने भिंतीवर ठोकायचं. दोन ठोके, थोडं थांबून एक. ऐकलं की दुसरीने तिच्या पलीकडच्या भिंतीवर तसंच ठोकायचं. असं करत ते शेवटच्या खोलीपर्यंत यायचं. माग बंद होते म्हणून हे शक्य झालं, नाहीतर त्या थरथराटात ठोके कोणाला ऐकू आले असते? सुरुवातीला बायका हसल्या. मग एकदा खालच्या मजल्यावरच्या दोघांना नेलं आणि आमच्या मजल्यावरचे सगळे पुरुष मागच्या जिन्याने वेळेत गेले, तेव्हा हसणं थांबलं. बाबा मात्र जिन्याच्या पायरीवरच बसून राहिले होते. म्हणाले, मी काय चोरी केलीय?

काम नसलं की बाबांना स्वतःचे हात सोसत नसत. त्या जूनमध्ये त्यांनी मागची पट्टी खणायला घेतली. जांभळी वांगी आणि मिरची लावायची ठरली. रोपं आईने केली, कढीपत्त्याखालच्या मातीत. ती काढताना तिने प्रत्येक रोपाच्या मुळाभोवतीची मूठभर माती तशीच ठेवली. बाबा म्हणाले, झाड की लाडू? ती म्हणाली, "रोपाक वळखीची माती व्हयी." तिला कोणी हे शिकवलं असं नाही, तिची आई तसं करायची, इतकंच. आमच्याकडची वांगी काटेरी. देठाला काटे, पानाच्या शिरेवर काटे. त्यांनी हात ओरबाडून घेत मी ती तोडायची. त्या पावसाळ्यात आम्ही वांगं इतक्या तऱ्हांनी खाल्लं की सांगता सोय नाही. जवळा घालून, भाजून, भाताच्या पेजेबरोबर नुसतं उकडून मीठ लावून. घरात माणसं कमी आणि वांगी जास्त, म्हणून आई ती मजल्यावर वाटायची. किडलेलं वांगं क्वचितच निघे.

बाबांना चेव चढला. दिवाळीनंतर त्यांनी पट्टी दुप्पट वाढवली आणि कोणाकडून तरी पांढऱ्या दाणेदार खताचं पोतं आणलं. रोपं बाजारातून आणली. मुठीमुठीने खत टाकलं. आणि झाडं अशी उठली, की चाळीतली माणसं गॅलरीतून वाकून बघायची. हिरवीही नाही, काळसर निळी दिसत. पानं हाताएवढी, लुसलुशीत. बाबा संध्याकाळी तिथे उभे राहत तेव्हा त्यांचा चेहरा पगाराच्या दिवसासारखा दिसे. आईला ते बघवत नव्हतं. ती म्हणायची, इतकं तेज बरं नव्हे. मग एका आठवड्यात मावा आला, पानांचा रस पिणारी बारीक कीड. पानांच्या खालच्या बाजूला चिकट, काळपट थर. पानं मुडपली, वळली. मिरचीचे शेंडे आखडून गेले. बाबांनी राख मारली, साबणाचं पाणी मारलं. एकेक झाड उभ्या उभ्या गेलं. जिन्याजवळची आईची दोन जुनी झाडं तेवढी उरली, त्यांच्यावरही मावा बसला, पण थोडा, आणि मग कमी झाला.

इथे मी जरा थांबते, कारण हे मला त्या वेळी कळलं नव्हतं. पुढे मी याच विषयात काम केलं, निवृत्त होईपर्यंत कोकणातल्या एका संशोधन केंद्रात मुळांचे तुकडे निळ्या रंगात बुडवून भिंगाखाली बघत बसले. जुन्या, न छेडलेल्या मातीत एक बुरशी असते. बुरशी म्हटलं की आपल्याला शिळी भाकरी आठवते, पण ही चांगली. ती मुळाच्या आत शिरते, आत बारीक झुडपासारखी पसरते आणि बाहेर केसाहून बारीक धागे मातीत दूरवर सोडते. झाडाला पाणी, स्फुरद आणून देते, झाड तिला साखर देतं. खरी गंमत पुढे आहे. ती मुळात शिरते तेव्हा झाड थोडं दचकतं. आणि ते दचकणं पुरतं जात नाही. झाड जरासं सावध राहतं, आणि मग किडीने पान कुरतडलं की त्याचा कडू रस लवकर तयार होतो. उलट खत मुठीने मिळालं की झाड त्या बुरशीला दारात उभंही करत नाही, गरजच काय? ते फोफावतं, मऊ होतं, आणि किडीला मेजवानी. माझ्या बाबांचं भिंतीलगतचं सगळं शेत निर्धास्त होतं, ते मेलं.

पण हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं! बाबांना जे ठाऊक होतं ते गावचं. जमिनीत कीड बसली, तर जमीन भाजायची. आमच्याकडे पावसाआधी भाताच्या रोपासाठी भाजावळ करतात. तोडून वाळवलेली कवळं, म्हणजे पाल्याच्या फांद्या, त्यावर शेणी, पालापाचोळा, वर मातीचा पातळ थर, आणि मग ते धुमसत जाळायचं. राखेत भाताचं रोप झकास येतं. बाबांनी मे महिन्यात ठरवलं की पट्टीची भाजावळ करायची. ते रस्त्याकडेच्या छाटलेल्या फांद्या गोळा करून आणायला लागले, तबेल्यातून शेण आणलं, आणि आईचा धीर सुटला.

"भिंतीक लागान आग घालतलात? ह्या दिवसांत?"

"आग नाय गो. भाजावळ. गावाक दरवर्षी करतंव ती."

"गाव गावाक रवलो. हय पाठी कापसाचां गोदाम आसा."

"भिंत केवढी जाड आसा बघ. आणि धूर तेवढो येतलो, जाळ खंय?"

"धूर बघूनच येतले ते."

"भियान कोणाचां भलां झालां?" बाबा म्हणाले आणि हसले. संप सुरू झाल्यापासून ते पहिल्यांदाच असे मोकळे हसले होते, म्हणून आईने हट्ट सोडला असावा.

त्याच आठवड्यात इंदूमावशी गावाला गेली. तिच्या नवऱ्याने हाय खाल्ली होती, मुंबई नको म्हणत होता. जाताना तिने आईच्या हातात चावी दिली. "चावी तुझ्याकडे ठेय. दिवाळीक येतलंय." दोघी दारात खूप रडल्या. मग इंदूमावशी जिन्याखाली जाऊन कढीपत्त्याची डहाळी तोडून पिशवीत घालून आली, गावी कढीपत्त्याला काय तोटा, पण तिने नेली. तिची खोली बंद झाली. आमच्या आणि पवारकाकूंच्या खोलीमध्ये ती एकच खोली होती. ही गोष्ट आमच्यातल्या कोणाच्याही डोक्यात आली नाही, सगळ्या चाळीची युक्ती काढणाऱ्या आईच्याही नाही.

बाबांनी सकाळीच भाजावळ पेटवली. मी वरून बघत होते. खरंच जाळ नव्हता, मातीच्या थराखालून पांढरा जाड धूर निघत होता आणि भिंतीला धरून वर चढत होता. वास मला फार आवडला, मे महिन्यातल्या गावचा वास. चाळीतले दोनतीन म्हातारे गॅलरीत येऊन नुसते तो वास घेत उभे राहिले. आई आत तांदूळ निवडत होती, पण तिचे हात मध्येच थांबत होते. तिचा कान भिंतीकडे होता. भिंत गप्प होती. म्हणून ती परत निवडायला लागे.

मग खाली बूट वाजले. पोलीस समोरच्या फाटकातून आत आले होते आणि बोळाने फिरून थेट मागे पोहोचले होते. मी वर कठड्याला धरून उभी होते आणि माझा आवाज फुटेना. साहेब घाटावरचा असावा, तरणा, त्याचा चेहरा घामाने आणि धुराने लाल झाला होता.

"ही आग कोणी लावली?"

"साहेब, आग नाही. भाजावळ आहे," बाबा म्हणाले. हातात फावडं होतं.

"काय आहे?"

"भाजावळ. जमीन भाजतो. म्हणजे रोप चांगलं धरतं."

"जमीन भाजतोस?" साहेबाने भिंतीकडे पाहिलं, मग आमच्या चाळीकडे. "गोदामाच्या भिंतीला टेकून?"

"जागा तेवढीच आहे, साहेब."

मला त्या भयानक क्षणीही वाटलं की बाबा किती खरं बोलतायत आणि ते किती खोटं वाटतंय. साहेबाच्या मागे एक वयस्क हवालदार होता. त्याने धुमसणाऱ्या मातीचा कडेचा भाग बुटाने उकरला. खालची कवळं, त्यावरच्या शेणी, सगळं त्याला दिसलं. तो वाकला, क्षणभर थांबला, आणि मग उभा राहून दुसरीकडे बघायला लागला. बाबांच्या हातातून फावडं काढून घेतलं. आई जिन्यावरून पायात काही न घालता धावली, तोवर त्यांना बोळात नेलं होतं. आमच्या खोलीपलीकडून, बंद खोलीच्याही पलीकडून, कसला तरी दबका आवाज येत होता. पवारकाकू भिंत ठोकत होत्या. नंतर त्या रडत रडत म्हणाल्या, "अगं मी जीव तोडून मारत होते. म्हटलं, इंदू पुढे देईल."

बाबा चौकीत होते ते दिवस मला सलग आठवत नाहीत. आठवतं ते आईचं पेजेचा डबा घेऊन जाणं आणि तसाच परत आणणं. पेजेवर साय धरलेली असायची. मी तिच्याबरोबर जायचे. बाकावर बसायचं, आतून काही ऐकू येतं का म्हणून कान द्यायचे, आणि ऐकू आलं तर काय, या विचाराने कान बंद करावेसे वाटायचे. गोदाम जाळायला निघाला होता, असं पोलीस म्हणत होते. असं लिहिलं गेलं असतं तर बाबा किती वर्षं आत गेले असते, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एक दिवस तो हवालदार बाहेर आला, इकडेतिकडे बघितलं आणि आईपाशी थांबला.

"वयनी, माका म्हायत आसा भाजावळ काय ती. आमचो गाव देवगडाकडे."

"मग सांगा ना सायबाक," आई म्हणाली.

"सायबाम्होरा बोललंय तर माझ्यारच येतलां." त्याने डबा आईच्या हातातून घेतला. "ह्यां देतंय मी तेंका."

मला त्याचा फार राग आला. आता येत नाही. तो आमच्याइतकाच घाबरलेला होता, आणि तरी रोज पेज आत नेत राहिला. शेवटी त्याने साहेबाला काही सांगितलं की साहेबालाच कंटाळा आला, कळलं नाही. बाबांना सोडलं. पुन्हा दिसलास तर, असं काहीतरी म्हणून सोडलं.

बाबा घरी आले ते मोरीपाशी बसले आणि आईला म्हणाले, पाणी घाल. उजव्या हाताची दोन बोटं सुजून काळी झाली होती. तुटलेला धागा डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडणारी ती बोटं. सूज उतरली, पण ती बोटं पुढे कधी पुरती वळली नाहीत. हात कसा दुखावला, ते त्यांनी सांगितलं नाही. ते पुन्हा हसले मात्र, आणि म्हणाले, "खाल्लां नाय माका कोणी."  आईने पाणी घालून झाल्यावर पदराला हात पुसले, डब्यातून चावी काढली आणि मला म्हणाली, "चल."

तिने इंदूमावशीची खोली उघडली. आत कोंदट वास आणि भिंतीवर देवाच्या तसबिरीचा चौकोनी डाग. आई मधोमध उभी राहिली आणि तिचा आवाज एकदम फुटला. "माझ्या ध्यानातच रवलां नाय गो. इंदूची खोली बंद आसा ह्यां माझ्या ध्यानातच नाय." मग डोळे पुसून तिने मला एक लाटणं दिलं. "दुपारपासून तू हय बसतलंस. अभ्यास हयच कर. सकाळी मी."

त्या जूनमध्ये पट्टीत पुन्हा रोपं लागली. बाबा हट्टाने भाजलेल्या पट्टीच्या अर्ध्या भागात बाजारची रोपं लावून मोकळे झाले. उरलेल्या अर्ध्यात आईने कढीपत्त्याखालच्या मातीसकट आपली लावली. जमीन दोन्हीकडे तीच, भाजलेलीच. बाबांची रोपं राखेवर आधी झपाट्याने वाढली आणि पहिल्याच किडीला बळी पडली. आईची हळू वाढली, रडत रडत, मग उभी राहिली. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं होतं, आणि आमच्या बाईंनी मुळं आणायला सांगितली म्हणून दोन्हीकडचं एकेक झाड उपटून रुमालात बांधून नेलं. भिंगाखाली बाबांच्या झाडाचं मूळ कोरं, स्वच्छ. आईच्या झाडाच्या मुळात निळे धागे आणि निळे फुगे, जिथे बघावं तिथे. बाई म्हणाल्या, हे धागे एका झाडातून दुसऱ्या झाडापर्यंत जातात. पुढे हेही वाचलं की एका झाडाला कीड लागली, तर त्याची खबर या धाग्यांतून शेजारच्या झाडाला पोहोचते, असं काही प्रयोगांत दिसलंय. शेतात ते कितपत होतं, यावर आमच्यात अजून भांडणं आहेत, आणि मी शास्त्राच्या बाजूने सावधच बोलते. पण त्या दिवशी भिंगावर वाकलेली असताना मला फक्त लाटणं आठवलं, आणि बंद खोली.

त्या खोलीत मी कित्येक महिने बसले. पाठ भिंतीला लावून, लाटणं मांडीवर, पुस्तक त्यावर. पुस्तकातलं काही डोक्यात शिरत नसे. मला सगळ्यात जास्त भीती पोलिसांची नव्हती. ठोके पडतील आणि माझा हात उचलणार नाही, गॅलरीत माझा आवाज फुटला नव्हता तसा, याची होती. बाबांना हे सगळं पोरखेळ वाटे. येता-जाता दारातून डोकावून म्हणत, "काय शकू, पहारो कसो आसा?" गावोगाव गेलेले कामगार परत येत नव्हते. संप मिटला असं कोणी म्हणत नव्हतं आणि चालू आहे असंही. मोर्चे मात्र अजून निघत होते.

असाच एक मोर्चा दुसऱ्या दिवशी होता. दुपार होती. आई भाकऱ्या थापत होती, थापण्याचा आवाज एका भिंतीतून येत होता. आणि दुसऱ्या भिंतीतून दोन ठोके आले. थांबून एक. मला आधी वाटलं मीच ऐकलं, माझ्याच छातीत. परत आले. पवारकाकू या वेळी जीव तोडूनच ठोकत होत्या. माझा हात मांडीवरून हलेना. खरंच हलेना, हे मी वाढवून सांगत नाही. मग मी उठले, कशी ते माहीत नाही, आणि पलीकडच्या भिंतीवर लाटणं इतक्या जोरात मारलं की गिलाव्याचा पोपडा निघाला. दोन. थांबून एक. भाकरी थापण्याचा आवाज थांबला. आई काहीतरी बोलली, बाबा काहीतरी बोलले. मग मागच्या जिन्याची फळी वाजली. एकदा, आणि मग भराभर.

पोलीस वर आले तेव्हा आईच्या तव्यावर भाकरी करपत होती आणि पाटावर दोनच ताटं होती. तिसरं तिने कुठे टाकलं, देव जाणे. त्यांनी खोली बघितली, इंदूमावशीची खोली बघितली, मला विचारलं इथे काय करतेस. मी पुस्तक दाखवलं. माझे दात वाजत होते, ताप आलाय का म्हणून एकाने विचारलं. वरच्या मजल्यावरून दोघांना घेऊन ते गेले.

मग वाट बघणं.  आईने सगळी भांडी घासली, मग मी ती परत घासली. दिवेलागणीला मागच्या जिन्याची फळी वाजली. बाबा आले, दारातच बसले. ते वांग्यांच्या वाफ्यातून, आईच्या अर्ध्यातून, सरळ पळाले होते. पायजमा दोन्ही पायांना काट्यांनी फाटला होता, पोटऱ्यांवर रक्ताच्या रेघा होत्या. ते प्रभादेवीपर्यंत चालत गेले होते आणि देवळाबाहेर चपलांपाशी दुपारभर बसून राहिले होते. आईने पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं, पण पेला हातात धरवेना, त्या दोन बोटांतून तो निसटत होता. त्यांनी तो खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं.

"भियालंय गो मी," बाबा म्हणाले. "लाटणां वाजलां नि भियालंय."

आईने त्यांच्या पायातला एक काटा नखाने काढला, तो बघितला, आणि बाजूला ठेवला.

"भियालात," ती म्हणाली, "म्हणान घराक इलात."